बाझलहून एका दिवसात ब्लॅक फॉरेस्ट: आजी-आजोबा आणि मुलं सोबत असताना काय बघावं, काय सोडावं?

अबोली_बाझल
नमस्कार मंडळी,
स्वित्झर्लंडमधल्या बाझलला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. जर्मनीची सीमा घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर, पण पलीकडे जाणं होतं ते फक्त वाइल आम राइनला वाणसामान आणायला. आता सासूबाई-सासरे आलेत. बाबांना 'ब्लॅक फॉरेस्ट' म्हणजे वाढदिवसाचा केक एवढंच माहीत होतं. आमच्या गॅलरीतून दिसणारी काळसर डोंगररांग म्हणजेच ते जंगल, हे कळल्यापासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिकडेच बघत उभे असतात. त्यामुळे नेणं आलंच.

शनिवारचा बेत असा: सकाळी आठला गाडी काढायची, आधी टिटिझे तलाव, मग फेल्डबेर्गचा डोंगर, मग ट्रिबेर्गचा धबधबा आणि कोकिळेसारखं 'कु-कू' करणारी कुकूची घड्याळं, रात्री जेवायला घरी. बाबा ७२ वर्षांचे, अगदी ठणठणीत. आईंचे गुडघे दुखतात, चढ-पायऱ्या नकोत. मुलगा नऊचा. मुलगी चारची, तिला घाटात गाडी लागते.

विचारायचं ते हे: हे सगळं एका दिवसात जमेल का? आईबाबांचा व्हिसा स्विस दूतावासाने दिलेला आहे आणि सिंगल एंट्री आहे, तर जर्मनीत जाऊन परत येताना अडचण येईल का? आणि आई अंडंही खात नाहीत, तिकडे खायला काय मिळेल?

सह्यभटक्या
तिन्ही ठिकाणं एका दिवसात? नका करू ताई. कळकळीने सांगतोय.

राइनकाठी
व्हिसाचं आधी सांगते, कारण आम्हीही याच काळजीने आईला दोन महिने सीमेपलीकडे नेलं नव्हतं. सिंगल एंट्री ही सगळ्या शेंगेन प्रदेशासाठी (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटासाठी) मिळून असते. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे बाझलहून जर्मनीत जाऊन परत येणं ही नवी एंट्री धरत नाहीत. निर्धास्त जा.

मात्र मूळ पासपोर्ट सोबत हवेतच. शेंगेन असलं तरी जर्मनीने २०२३ च्या ऑक्टोबरपासून या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, गाडीत आणि रेल्वेतही. तुमची स्विस राहण्याची परमिटं आणि मुलांचे पासपोर्टसुद्धा घ्या. फोनमधला फोटो चालत नाही. माझं परमिट एकदा दुसऱ्या पर्समध्ये राहिलं होतं. लेकीच्या वर्गातल्या तीन कुटुंबांबरोबर निघालो होतो. बाकीचे पुढे गेले आणि आम्ही दोघी पहिल्याच स्टेशनवरून परत. लेक घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून सगळे कागद एकाच निळ्या पाकिटात असतात आणि ते पाकीट चपलांच्या कपाटावर.

गोड_लिंबू
वाचतेय. आमचेही आईबाबा पुढच्या महिन्यात येतायत.

प्राजक्ता_म
तुमचाच बेत आम्ही दोन वर्षांपूर्वी केला होता, हाच क्रम, हीच ठिकाणं. टिटिझेला पार्किंग शोधण्यात अर्धा तास गेला, फेल्डबेर्गला रोपवेच्या रांगेत एक तास, आणि ट्रिबेर्गला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. बाळ झोपलेलं, सासरे दमलेले, मी गाडीत बसून राहिले आणि नवरा एकटा धबधब्याच्या फाटकापर्यंत जाऊन आला. दिवसभरात सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर पुढच्या गाडीचे मागचे दिवे. सासऱ्यांनी घरी आल्यावर विचारलं, "जंगल कुठे होतं गं?" मला आजही त्याचं वाईट वाटतं.

बाझलहून ट्रिबेर्ग म्हणजे एका बाजूने दोन तास धरा. तो वेगळा दिवस आहे.

बाझलमामा
अबोली, इथे एकोणीस वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्लॅक फॉरेस्ट ही एक जागा नव्हे. उत्तरेला फोर्त्सहाइमपासून दक्षिणेला थेट आपल्या बाझलच्या उंबऱ्यापर्यंत पसरलेला तो मोठा डोंगराळ मुलूख आहे. पाहुणे फ्रँकफुर्टहून आल्यासारखे टिटिझे आणि ट्रिबेर्गकडे धावतात, पण आपण दक्षिण टोकाला राहतो. बेल्शेन (१४१४ मीटर), ब्लाउएन (११६५ मीटर), टोट्नाऊ, वीझे नदीचं खोरं, हे सगळं आपलं अंगण आहे. दारातलं सोडून दोन तास गाडी कशाला हाणायची?

माझं मत: बेल्शेनला जा. लोराख, शोप्फहाइम, शोनाऊ असा बी ३१७ रस्ता वीझेच्या काठाने जातो, तासाभराचं अंतर. शोनाऊपर्यंत खोरं रुंद आहे, वळणं सौम्य. खरा घाट शेवटचे थोडे किलोमीटर. मुल्टनला गाडी लावायची आणि रोपवेने वर. शिखरापर्यंत खाजगी गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे वर शांतता असते. रोपवे उतरल्यावर लगेच उपाहारगृह आणि त्याचं अंगण. आईंना तिथे उन्हात बसता येईल, बाकीच्यांनी शिखराला वळसा घालून यावा. ऑक्टोबरात हवा स्वच्छ असली तर समोर आल्प्सची अख्खी रांग उभी राहते. आयगर, म्योंश, युंगफ्राऊ ही शिखरं बोटाने दाखवता येतात.

शंतनू_फ्रायबुर्ग
मामांशी सहमत, पण टिटिझेला इतकं उडवून लावू नका. गर्दी असते, दुकानं पर्यटकी आहेत, मान्य. पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी सपाट काठ, दर थोड्या अंतरावर बाकडी, बोटफेरी, जवळ स्वच्छतागृह, हे सगळं एकत्र दुसरीकडे कुठे आहे? माझी आजी ८१ व्या वर्षी तिथे तीन तास बदकं बघत बसली होती आणि अजून फोनवर त्या बदकांची चौकशी करते.

आणि मुलीला गाडी लागते म्हणता, तर रेल्वेने जा. बाझलमधल्या बाडिशर बानहोफ स्टेशनहून फ्रायबुर्ग, तिथून होलेन्टालच्या मार्गाने टिटिझे. १८८७ साली सुरू झालेला मार्ग आहे. होलेन्टाल म्हणजे नरकाची दरी, आणि सुरुवातीला दोन्ही बाजूंचे कडे खरंच अंगावर येतात. डावी-उजवीकडे बघत राहा, हिर्शस्प्रुंगला कड्यावर उभा असलेला हरणाचा पुतळा दिसतो. शिकाऱ्यापासून जीव वाचवायला हरणाने दरीवरून उडी मारली अशी गोष्ट सांगतात. पुढे राव्हेनाच्या दगडी पुलावरून गाडी जाते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग (हे जंगल ज्यात येतं ते जर्मन राज्य) तिकीट एकाच दिवसाचं, पाच जणांपर्यंत चालतं. शनिवार-रविवारी सकाळपासून, इतर दिवशी नऊनंतर. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. फक्त वेगवान आयसीई गाडीत चढू नका, ते प्रादेशिक गाड्यांपुरतंच आहे.

सह्यभटक्या
@शंतनू, रेल्वेला अनुमोदन. टिटिझेला नाही. डोंगरात जाऊन घड्याळांच्या दुकानात उभं राहायचं?

शंतनू_फ्रायबुर्ग
आजी कुठे उभी राहू शकते यावर ठिकाण ठरतं, दादा. तुम्ही पाठीवर सॅक टाकून निघता, तुमचं वेगळं.

राइनकाठी
+१ शंतनू. ज्येष्ठांबरोबरच्या सहलीत पहिला प्रश्न "दृश्य कसं आहे" हा नसतोच. "बसायला कुठे आहे आणि बाथरूम किती लांब" हा असतो.

गोड_लिंबू
खायचं काय? आमच्याकडेही शुद्ध शाकाहारी आहेत. केझेश्पेट्झले चालेल ना, ती चीज घातलेली?

प्राजक्ता_म
नाही चालणार! श्पेट्झले म्हणजे इथल्या शेवयांसारख्या नूडल्स, त्यांच्या पिठात अंडं असतं. खूप जणांची इथे चूक होते. बटाट्याच्या पुफरमध्येही (किसाच्या धिरड्यांत) बहुतेक वेळा अंडं घालतात, विचारून घ्या. सूप 'भाज्यांचं' दिसलं तरी खाली बरेचदा मांसाचं पाणी असतं.

मेनूत 'बिबेलेस्केस' दिसलं तर डोळे मिटून मागवा. आपल्या चक्क्यासारखं ताजं दही-चीज, त्यात कांद्याची पात, मीठमिरी, आणि सोबत गरम बटाटे. बाडेनचा अगदी घरगुती पदार्थ. माझ्या सासूबाईंनी त्यात घरून नेलेली लसणाची चटणी कालवली आणि दोन प्लेटी संपवल्या.

आणि केक! मुलांनो, आजी-आजोबांनो, ऐका: अस्सल श्वार्त्सवेल्डर किर्शटोर्टमध्ये चेरीची दारू असते, नावापुरती नाही, चांगली लागते तेवढी. अंडंही असतं. बाबांना हौस असेल तर एक तुकडा घ्या, पण चार वर्षांच्या मुलीच्या ताटात ठेवू नका.

बाझलमामा
आणि रोख युरो ठेवा. डोंगरातल्या छोट्या खानावळींत कार्ड चालेलच असं नाही.

निळीशाई
अवांतर: जंगलाला 'काळं' का म्हणतात?

बाझलमामा
दाट सूचिपर्णी झाडांखाली उजेड पोचत नाही म्हणून. नाव फार जुनं आहे, ८६८ सालच्या सांक्ट गालेनच्या एका दस्तऐवजात येतं. रोमन लोक या डोंगरांना आब्नोबा म्हणत.

पण आज दिसतं ते जंगल त्या काळचं नाही. खाणी, काचेच्या भट्ट्या, कोळसा, आणि मुख्य म्हणजे लाकूड. इथले उंच वृक्ष एकमेकांना बांधून नद्यांतून राइनमध्ये आणि राइनमधून थेट हॉलंडपर्यंत तरंगत नेत. तिथे त्यांची जहाजं आणि घराखालचे खांब व्हायचे. डोंगर उघडे पडले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात भराभर वाढणाऱ्या स्प्रूसची लागवड झाली. म्हणून खूप ठिकाणी झाडं एका वयाची, एका उंचीची, ओळीत दिसतात. अशी जंगलं वादळात टिकत नाहीत. २६ डिसेंबर १९९९ ला लोथार वादळ आलं तेव्हा मी इथे नव्हतो, पण नंतर उत्तरेकडचा लोथार पायवाटेचा भाग पाहिला. पडलेली झाडं तशीच ठेवून त्यांच्यामधून लाकडी वाट काढली आहे. मुलांना फार आवडते.

सह्यभटक्या
म्हणजे हे जंगल नाही, लागवडच आहे. मला पहिल्यांदा गेलो तेव्हाच जाणवलं. किडे नाहीत, वेली नाहीत, आवाज नाही. आपल्या सह्याद्रीतल्या राईत पाच मिनिटं उभं राहा, दहा प्रकारचे आवाज येतात.

निळीशाई
@सह्यभटक्या, सरसकट तसं नाही. बीच, सिल्व्हर फर आणि स्प्रूस मिसळून असलेली जुनी रानं आहेत, व्हुटाखच्या घळीत उतरून बघा. उत्तरेत २०१४ साली राष्ट्रीय उद्यान केलंय, तिथे जंगलाला त्याच्या मनाने वाढू देतात. आवाजाचं म्हणाल तर मे महिन्यात पहाटे जा. माझ्या लेकाने एका सकाळी खरी कोकिळा ऐकली, कु-कू, अगदी घड्याळासारखी, आणि म्हणाला, "आई, ही बॅटरीवर आहे का?"

गोड_लिंबू
हाहा! बॅटरीवर!

शंतनू_फ्रायबुर्ग
घड्याळावरून आठवलं. कुणी विकत घेणार असेल तर बॅटरीचं घेऊ नका, साखळी आणि पाइनच्या फळासारखी वजनं असलेलं घ्या. एक दिवस चालणारं की आठ दिवस चालणारं ते विचारा. एका दिवसाच्या घड्याळाची वजनं रोज वर ओढावी लागतात. आत दोन छोटे भाते असतात, एक 'कु' म्हणतो, दुसरा 'कू'. दुकानदाराला मागचं झाकण उघडायला सांगा, भाते फुगताना-मिटताना बघून मुलं हलत नाहीत.

आणखी एक गंमत. हे घराच्या आकाराचं घड्याळ मुळात रेल्वेच्या चौकीदाराच्या घरावरून घेतलं आहे. फुर्टवांगेनच्या घड्याळशाळेचे संचालक रोबेर्ट गेर्विग यांनी १८५० साली नव्या आराखड्यांची स्पर्धा लावली, त्यात रेल्वेच्या इमारती बांधणाऱ्या फ्रीडरिश आयझेनलोर यांनी हा नमुना पाठवला. पुढे याच गेर्विग यांनी ३९ बोगद्यांची श्वार्त्सवाल्डबान, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टची रेल्वे, बांधली, ती १८७३ ला पूर्ण झाली. ट्रिबेर्गला कधी जाल तेव्हा त्याच रेल्वेने जा. बोगद्यातून बाहेर आल्यावर मघाशी आपण होतो तो रूळ खाली दरीत दिसतो.

राइनकाठी
घड्याळ बाझलला आणताना कस्टम्स लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून माणशी १५० फ्रँकपर्यंतच करमाफी आहे, आधी ३०० होती. त्याहून महाग एकच वस्तू असेल तर ती चौघांत वाटता येत नाही, पूर्ण किमतीवर ८.१ टक्के स्विस कर भरायचा. उलट ५० युरोंच्या वरच्या बिलावर दुकानातून निर्यातीचा फॉर्म मागून घ्या आणि जर्मन कस्टम्सचा शिक्का मारून आणा, तिथला कर परत मिळतो.

डॉ_वनिता
एक महत्त्वाचं राहिलंय. गोचीड. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग आणि आपला बाझल परिसर, दोन्हीकडे गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराचा धोका आहे. त्यावर लस आहे. लाइम आजारावर मात्र नेहमीच्या लसीकरणात काही नाही, तिथे तपासणी हाच उपाय. मुलांना लांब पँट, पँटचं टोक मोज्यात, आणि घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, कानांच्या मागे, केसांत नीट बघा. चारच्या मुलीच्या बाबतीत केसांच्या कडेला विशेष. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-बिल लावू नका. नंतर तिथे गोल लाल चट्टा वाढताना दिसला तर डॉक्टरकडे जा. आजी-आजोबांचंही तपासा, ती मंडळी संकोचाने सांगत नाहीत.

प्राजक्ता_म
डॉक्टर, फार उपयोगी. मी आजवर फक्त मुलांचंच बघायचे.

माईसाहेब_लोराख
मी लोराखला राहते. टोट्नाऊचा नवा झुलता पूल कुणीच सांगितला नाही? २०२३ ला उघडला, ४५० मीटर लांब आणि १२० मीटर उंच. खाली ९७ मीटरचा धबधबा. आमचे नातू त्यावरून तीनदा गेले. मी पहिल्या खांबापाशी थांबून त्यांचे फोटो काढले, कारण पूल पायाखाली हलतो आणि माझ्या पोटातही. ज्याला उंचीची भीती आहे त्याला आग्रह करू नका.

बाझलमामा
अबोली, शेवटी काय ठरलं?

अबोली_बाझल
इतकं सगळं वाचून बेतच बदलला. एकच ठिकाण, बेल्शेन. टिटिझे रेल्वेने पुढच्या आठवड्यात. ट्रिबेर्ग वसंतात. सगळ्यांचे मनापासून आभार, आल्यावर लिहिते.

अबोली_बाझल
जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून सांगितलंत.

सकाळी बाझलमध्ये इतकं धुकं होतं की गॅलरीतून समोरची इमारत दिसेना. बाबा हिरमुसले. हे म्हणाले, उद्या जाऊ. मामांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, "धुकं आहे म्हणूनच आज जा. ते खाली असतं." तपासणीवाल्यांनी थांबवलं, पण निळं पाकीट होतं (राइनकाठी, तुमचंच बघून निळं घेतलं). शोनाऊपर्यंत लेक मजेत गाणी म्हणत होती. घाटात तिला पुढे बसवता येत नाही, म्हणून खिडकी उघडून दूरचं झाड दाखवत राहिलो. एकदाच थांबावं लागलं.

रोपवे वर जाताना पांढऱ्यात शिरला, काहीच दिसेना, आणि मग एकदम ऊन. सगळं खोरं ढगाने भरलेलं, दुधाच्या पातेल्यासारखं, आणि त्यातून डोंगरांचे फक्त माथे वर. पलीकडे आल्प्स. बाबा कठड्याला धरून उभे राहिले, काही बोलेनात. मग म्हणाले, "आपलं घर त्या ढगाखाली आहे का?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ तिकडेच बघत होते.

आई अंगणात उन्हात शाल पांघरून बसल्या. बिबेलेस्केस नव्हतं, पण उकडलेले बटाटे आणि लोणी मिळालं आणि दशम्या होत्याच. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन आजींना त्यांनी दशमी दिली. त्या आजींनी आपल्या डब्यातलं सफरचंद कापून दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी गुडघ्यांबद्दल अर्धा तास बोलल्या.

शिखराच्या वळशावर लेकाला प्रत्येक खांबावर एक लाल समभुज चौकोन दिसला. कुठे जातो तो म्हणून माझ्या मागे लागला. मामा, हा कुठला रस्ता?

बाझलमामा
वेस्टवेग. १९०० साली आखलेली पायवाट, फोर्त्सहाइमपासून २८५ किलोमीटर. ती बेल्शेनवरून पुढे ब्लाउएन, कांडर्न करत बाझलला येते. शेवट आपल्या बाडिशर बानहोफपाशी.

अबोली_बाझल
त्याला हे वाचून दाखवलं. "म्हणजे तो चौकोन धरून मी चालत घरी येऊ शकलो असतो?" असं विचारतोय. आता वाट कशी जाते ते नकाशात बोटाने बघत बसलाय, आणि बाबा शेजारी.

बाझलमामा
कांडर्न ते बाझल हा शेवटचा टप्पा आहे, दिवसभराची चाल. वसंतात त्याला घेऊन मी येतो. डबा मात्र वहिनींच्या हातच्या दशम्यांचा हवा.

डॉ_वनिता
आणि पँट मोज्यात.